गोळीचे माप

आपल्याकडे माप घेणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक शिंपी आणि दुसरा कासार. शिंपी टेप लावतो, आकडा मोठ्याने उच्चारतो, वहीत टिपून घेतो आणि तरीही बाही दोन बोटे लांब शिवतो. कासार काही टिपून घेत नाही. तो हात हातात घेतो, अंगठा तळव्यात मुडपतो, बोटांच्या मुळाशी हलकेच दाबून पाहतो आणि पेटीतून नेमकी बांगडी काढतो. कारण त्याला एक गोष्ट ठाऊक असते. बांगडी राहायची मनगटावर, पण तिला जायचे असते ते तळहाताच्या रुंद भागावरून. एकाच हाताची ही दोन मापे आहेत, आणि ज्याला दोन्ही सांभाळता येतात त्याच्याच हातून बांगडी फुटत नाही.

मला आज बांगडीविषयी लिहायचे नाही, बंदुकीच्या गोळीविषयी लिहायचे आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय शोभतो का, असे कुणी विचारील. पण दिवाळीत घरोघरची पोरे टिकल्यांची पिस्तुले घेऊन अंगणात धावत असतात, त्यांना आपण हरकत घेत नाही. शिवाय माझी गोष्ट गोळी मारण्याची नाही. गोळी बसवण्याची आहे.

माझे आजोळ मूर्तिजापूरपासून दोन-अडीच कोसांवर, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, आणि जमीन मात्र अशी काळीभोर की एका पावसावर कापूस उभा राहावा. मामाचे वावर नदीच्या अंगाला होते. नदीकाठी काटेरी बाभळीचे बन आणि त्या बनात रानडुकरे. दिवाळीच्या सुमारास ज्वारी दाण्यात भरू लागली की ती रात्री उतरत. डुक्कर कणीस खाते कमी आणि ताटे मोडते फार. एका रात्रीत चार पायल्यांची ज्वारी आडवी झालेली मी पाहिली आहे.

मामाजवळ ठासणीची एकनळी बंदूक होती. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि तसला परवाना मामाने एका पत्र्याच्या नळकांड्यात घालून देव्हाऱ्यामागे ठेवला होता. बंदूक सोळा नंबरची. हा नंबर म्हणजे काय, ते मामानेच मला सांगितले होते. नळीत तंतोतंत बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. तशा किती गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, तो बंदुकीचा नंबर. सोळा नंबरची गोळी एक औंसाची, म्हणजे अडीच तोळ्यांना थोडी कमी. बारा नंबरची गोळी याहून मोठी, कारण पौंडात बाराच बसतात. नंबर लहान तर नळी रुंद, हे उलटे गणित मला तेव्हा फार गमतीचे वाटे.

१९६७ च्या हंगामात एक वाईट गोष्ट घडली होती. मामाने रात्री एका डुकरावर बार काढला. गोळी लागली, पण जिथे लागायला हवी तिथे लागली नाही. जखमी जनावर शेजारच्या पऱ्हाटीत शिरून बसले आणि सकाळी वेचणीला आलेल्या एका बाईवर धावून गेले. बाई वाचली, पण तिचा पाय कायमचा अधू झाला. मामाने तिचे औषधपाणी केले आणि पुढे दर हंगामाला तिच्या घरी ज्वारीचे पोते पोचवले. कुणी त्याबद्दल बोलू लागले तर तो उठून जाई. त्या दिवसापासून त्याने बंदूक हाती धरली नाही.

"गोयी ढिली हाय," तो मला म्हणाला. "ढिली गोयी कोठी जाईन, देवालेबी सांगता येत नाही."

गोळी ढिली झाली कशी, तर त्याआधी एका कारागिराकडे नळी साफ करायला दिली होती. आतला गंज काढता काढता त्याने ती इतकी घासली की गंजाबरोबर लोखंडही गेले. साचा मात्र जुनाच होता. वडिलार्जित, लोखंडी, चिमट्यासारखा. दोन पाळी मिटल्या की आत एका गोळीची पोकळी. जुन्या साच्यातली गोळी आता नळीत टाकली की खडखडत खाली जाई. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा थोडी लहान असावीच लागते, नाहीतर ती तोंडातून आत जायची कशी? ती फट भरून काढते तेल लावलेली चिंधी. चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने दाबत दाबत दारूवर टेकवायची. फट बेताची असेल तर चिंधी गोळीला घट्ट धरते आणि मागचा वायू पुढे निसटू देत नाही. फट मोठी झाली की वायू बाजूने पळतो, जोर कमी पडतो आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, मनास येईल त्या दिशेने बाहेर पडते. त्याहून भयंकर म्हणजे माचाणावर बंदुकीचे तोंड खाली झाले तर ढिली गोळी दारूपासून सुटून पुढे घरंगळते. अशा वेळी बार काढला की नळीच फाटते. पंचक्रोशीत दोन बोटे गमावलेला एक शिकारी होता. त्याच्या हाताकडे बोट दाखवून मामा पोरांना हा धडा शिकवीत असे.

पुढच्या वर्षी, १९६८ च्या दिवाळीच्या सुटीत, मी आजोळी गेलो तेव्हा डुकरे पुन्हा उतरली होती. डबे बडवून भागेना. मामाने बंदूक खाली काढली, पण दारूच्या शिंगाला हात लावला नाही. आधी माप, मग बार, असे त्याने ठरवले होते.

नळी आतून किती रुंद झाली, हे कसे कळावे? आत बोट जात नाही, पट्टी जात नाही. मामाने शिशाचा एक जाडसर ठोकळा ओतला, त्यात मागून एक लांब आट्याचा खिळा बसवला, रिकाम्या नळीच्या तोंडाला तेल लावले आणि लाकडी मोगरीने तो ठोकळा हलक्या हाताने आत ठोकला. शिसे मऊ. जास्तीचे शिसे कडेने सोलून निघाले आणि बाकीचे नळीच्या अंगचे झाले. खिळ्याला धरून ओढून काढला तेव्हा तो गुळगुळीत आणि चकचकीत दिसत होता, जणू नळीने आपल्या हाताने आपला ठसा दिला होता. तो ठसा धोतराच्या सोग्यात बांधून आम्ही मूर्तिजापूरला आलो.

मूर्तिजापूर म्हणजे तेव्हा आगगाड्यांचे गाव. मुंबई-नागपूरचा मोठा रस्ता तिथून जाई आणि त्याला दोन्हीकडून अरुंद रुळांचे दोन फाटे फुटत. एक अचलपूरला, एक यवतमाळला. कापूस बंदरावर नेण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेले हे रूळ. पुढे त्या गाडीला लोक लाडाने शकुंतला म्हणू लागले. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते, मग डिझेल आले, आणि आता तर तीही थांबली आहे. पण १९६८ साली इंजिनांच्या शेडमध्ये धूर होता, तेलाचा वास होता आणि मामाच्या ओळखीचा एक फिटर होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

मिस्त्रीजवळ मायक्रोमीटर होता. इंचाचा हजारावा भाग दाखवणारे ते यंत्र मी प्रथमच पाहिले. आमच्या सुताराचे सर्वांत बारीक माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका सुतात असे सव्वाशे हजारांश बसतात हे ऐकून माझे डोळे विस्फारले. मिस्त्रीने ठसा पुसला, दोन जबड्यांत धरला, टिकटिक करीत चक्री फिरवली आणि म्हणाला, "सहाशे एकोणऐंशी." सोळा नंबरच्या नळीचे माप पुस्तकी हिशेबाने सहाशे बासष्ट. मामाच्या गोळीचे माप निघाले सहाशे चाळीस.

मामा लगेच नव्या गोळीचा हिशेब मांडू लागला, तोच मिस्त्रीने त्याला थांबवले.

"हे तं तोंडाचं माप झालं, पाटील. तोंड आन् नळी एकच असते का? तोंडाशी गज घासते, चिंधी घासते. अंदरचं माप आणा."

मग घरी येऊन तोच ठोकळा गजाने नळीच्या मध्यापर्यंत दाबत नेला आणि खिळ्याला बांधलेल्या तारेने परत ओढला. दुसऱ्या फेरीत माप निघाले सहाशे त्र्याहत्तर. तोंड रुंद, पोट अरुंद. आता दोन्ही आकडे हाती होते. जुन्या, न घासलेल्या नळीत गोळीभोवतीची एकूण फट बावीस हजारांश होती, म्हणजे प्रत्येक अंगाला अकरा. तेवढ्यात मांजरपाटाची तेलकट चिंधी दाबून बसे. जवळपास तीच फट पुन्हा हवी असेल तर गोळी सहाशे पन्नास पाहिजे. तोंडाशी ती थोडी सैल जाईल, आत गेल्यावर घट्ट बसेल, आणि एकदा बसली की हलणार नाही.

"पण साचा तं जुना हाय," मामा म्हणाला. "नळीच बारीक करता येत नाही का?"

मिस्त्री हसला. त्याने आम्हांला शेडच्या कोपऱ्यात नेऊन एक धुरा दाखवला आणि त्याच्या शेजारी पडलेले बेअरिंगचे अर्धे कवच. कवचाच्या आत पांढऱ्या धातूचे अस्तर होते; कथिलाचे मिश्रण, शिशासारखेच लवकर वितळणारे. तो म्हणाला, "धुरा झिजला तं त्याले परत जाड करता येते का? नाही येत. मंग हे अस्तर त्याच्या मापानं ओता लागते, घासू घासू बसवा लागते. कडक असते थे तसंच राह्यते. नरम असते त्यानंच जुळवून घ्या लागते."

मामा त्या धुऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्या वर्षी त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ, मुंबईला नोकरीला लागला होता आणि वावर विकून तुम्ही दोघे इकडे या, असे पत्रामागून पत्र लिहीत होता. घरात त्यावरून अबोला होता. परतीच्या वाटेवर बैलगाडीत मामा एकच वाक्य बोलला. "या घरात कडक कोण आन् नरम कोण, थेच ठरत नाही लेका."

साचा मोठा करण्याची युक्तीही मिस्त्रीचीच. साच्यात ओतलेली गोळी एका दांडीवर पक्की करायची, तिला तेलात कालवलेली एमरी पावडर लावायची, साचा मिटून हळूहळू फिरवत राहायचे. शिशात रुतून बसलेले एमरीचे कण लोखंडाला कुरतडतात. चार संध्याकाळ मामा ओसरीवर बसून हे करीत होता. मध्येच तो एक गोळी ओतून पाही. ओतण्याचा उद्योग अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, कारण शिशाचा धूर वाईट. आणि आम्हां पोरांना हात धुतल्याशिवाय फराळाच्या डब्याला शिवू देत नसत. थंड साच्यातल्या पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघत, जणू म्हाताऱ्याच जन्माला आल्या. साचा तापला की गोळी गुळगुळीत येई. फार तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखी खरबरीत पांढुरकी छटा दिसे. पाण्याचा एक थेंबही जवळ नको. वितळलेल्या शिशात तो पडला तर शिसे उसळून अंगावर येते. एकीकडे मामीच्या कढईत अनारसे आणि दुसरीकडे मामाच्या पळीत शिसे, अशी ती दिवाळी. दोघांचेही लक्ष तापमानाकडे.

शेवटी गोळी सहाशे पन्नासाची झाली. सोनाराच्या काट्यावर ती जुन्या गोळीहून दहा गुंजा जड भरली. दहा गुंजा म्हणजे नाकातली एक मुरणी. पाडव्याच्या दिवशी बांधाच्या चढाला तेलाच्या डब्याचे झाकण टेकवून, चाळीस पावलांवरून मामाने पाच बार काढले. पाचही भोके माझ्या पंजाखाली झाकली गेली. मामाने झाकण उचलले, घरी न येता तसाच त्या अधू बाईच्या घराकडे गेला आणि तिच्या ओसरीवर ते ठेवून परत आला. तिथे काय बोलणे झाले, ते आम्हांला कधी कळले नाही. त्या हंगामात त्याने दोनच बार काढले. एक डुक्कर जागीच पडले. दुसऱ्या वेळी बार चुकला, तर पहाट होताच तो कंदील घेऊन सगळ्या पऱ्हाटीतून रक्ताचा थेंब शोधत फिरला. थेंब सापडला नाही तेव्हाच त्याने चहा घेतला.

पुढे वाचन वाढले तशी ही फट मला इतिहासातही दिसू लागली. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्या अकोल्याकडच्या अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर वेलस्लीच्या शिपायांनी ज्या बंदुका चालवल्या, त्यांची नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून चांगली अर्ध्या सुताने लहान. भराभर ठासता यावी म्हणून ती मुद्दाम ढिली ठेवीत. नेमका माणूस टिपण्याची अपेक्षाच नसे. पुढे मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने बुडाशी पोकळ गोळी काढली. ती ठासताना सैल असे आणि बार होताच वायूच्या दाबाने तिचे बूड फुगून नळीला चिकटे. त्याच जातीची गोळी एन्फील्ड बंदुकीत आली, कागदी काडतुसातून. आणि घट्ट नळीत ती सहज सरकावी म्हणून त्या कागदाला चरबी लावली. १८५७ साली त्या चरबीचे काय झाले, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. गोळी आणि नळी यांच्यामधली केसाएवढी फट भरायला घेतलेला तो लेप! उठावाची कारणे पुष्कळ आणि खोल होती, पण ठिणगी पडली ती या फटीत.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. परवानगीवाचून डुकरावर बार काढणे बंद झाले आणि मामा पुन्हा डबे बडवू लागला. १९८३ साली तो गेला. मुंबईच्या मामेभावाला परवाना नको होता. बंदूक कायद्याप्रमाणे पोलिस ठाण्यात जमा झाली आणि वावर विकले गेले. बापलेकांचे शेवटपर्यंत जुळले नाही. सामानाच्या वाटणीत कुणालाच नको असलेला साचा माझ्याकडे आला.

मामाचा नातू टेक्सासला असतो. तो आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेला. आजोबा म्हणजे त्याला एक फेटेवाला फोटो. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. तिकडे नेमबाजीचा छंद पुष्कळांना असतो आणि लोक आपल्या गोळ्या आपण ओततात. याने एक जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर घेतले होते, पंचेचाळीसच्या जातीचे. गोळ्या लक्ष्यावर कुठेही जात होत्या आणि दर पन्नास बारांनंतर नळीत शिशाचे पापुद्रे चिकटत. नळीचे माप चारशे एक्कावन्न हजारांश, गोळी चारशे बावन्न. एक हजारांश मोठी गोळी घ्यावी, असा पुस्तकी नियम. "काका, माप तर बरोबर आहे," तो म्हणाला. "मग चुकतंय काय?"

मी त्याला विचारले, "गोळी आधी कुठून जाते?"

रिव्हॉल्व्हरचा घाट ठासणीच्या बंदुकीहून वेगळा. फिरत्या चाकात सहा कोठ्या, आणि प्रत्येक कोठीच्या तोंडाशी एक गळा. बार होताच गोळी आधी त्या गळ्यातून सुटते, मग समोरच्या नळीत शिरते. गळा गोळीहून रुंद असला तर जळता वायू तिच्या कडेने पुढे धावतो, तिची अंगे कापतो, वितळवतो, आणि तेच शिसे नळीत जाऊन चिकटते. दुसऱ्या महायुद्धानंतर बनलेल्या या जातीच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांत नळी बारीक झाली, पण कोठ्यांचे गळे जुन्याच रुंद मापाचे राहिले. याउलट वेब्ली रिव्हॉल्व्हर, जे आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असे, त्याचे गळे नळीहून अरुंद. तिथे पोकळ बुडाची मऊ गोळी गळ्यात आवळली जाई आणि नळीत पुन्हा फुगे. नळीचे माप घेऊन गळ्याची गोळी ठरवणे म्हणजे मनगट मोजून बांगडी आणणे.

मी त्याला शिशाच्या ठोकळ्याची गोष्ट सांगितली. त्याने रिकाम्या चाकाच्या सहाही गळ्यांतून मऊ शिशाचा एकेक तुकडा दाबून काढला आणि मोजला. पाच निघाले चारशे छप्पन्न, एक चारशे सत्तावन्न. गळा आवळता येत नाही आणि नळी रुंदावण्यात अर्थ नाही. तेव्हा बदलायची ती गोळीच. त्याने मोठा साचा मिळवला, शिसे अधिक मऊ घेतले, गोळी चारशे छप्पन्नाची केली. गळ्यातून ती अंगठ्याने दाबली की जेमतेम सरकते, ही तिची परीक्षा. भरलेले काडतूस कोठीत अडत नाही ना, हे पाहिले, आणि दारू पुस्तकातल्या सौम्य मापाची ठेवली, कारण ही गोळी पुढे अरुंद नळीत आवळली जायची असते. पंधरा दिवसांनी फोन आला. नळी स्वच्छ होती.

मग त्याने आजोबांविषयी विचारायला सुरुवात केली. नळीविषयी विचारले, मिस्त्रीविषयी विचारले, त्या बाईविषयी विचारले. तिचे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "बाबांनी हे कधी सांगितलं नाही." मी म्हटले, त्यालाही ठाऊक नव्हते, तो त्या दिवाळीला घरी आला नव्हता.

या दिवाळीला नातू येतो आहे. वावर आता दुसऱ्याचे आहे, त्यात सोयाबीन असते, पण बांध तोच आहे आणि डुकरेही अजून उतरतात. त्याला ते सगळे पाहायचे आहे. साचा मी तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. परवा गावातल्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन त्याची पोकळी मोजून घेतली. पन्नासाहून अधिक वर्षे झाली, पण आकडा सहाशे पन्नासच आला.